फॅरार : एका लोहाराच्या आडनावाचा नगरपर्यंतचा प्रवास

१/२०
महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र वाचताना १८४८ सालापाशी एक परके नाव भेटते : ‘मिस फरार’. अहमदनगर येथील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथील, मुलींच्या शाळा चालवणाऱ्या अमेरिकन बाई म्हणून ते एक-दोन वाक्यांपुरते येते आणि निघून जाते. मराठी वाचकाला क्षणभर हसूही येते, कारण ‘फरार’ म्हटले की पोलीस ठाण्याची नोंद आठवते. हा धागा त्या आडनावाविषयी आहे : ते कोठून आले, कोणाकोणाच्या वाट्याला आले आणि नगरात त्याचे काय झाले.

२/२०
प्रथम गैरसमज दूर करू. मराठीतला ‘फरार’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा अर्थ पलायन, पळून गेलेला. इंग्रजी आडनावाशी त्याचा काहीही संबंध नाही. देवनागरीत हे आडनाव फरार, फॅरार, फेरार अशा निरनिराळ्या रूपांत लिहिले गेले आहे. त्यामुळे जुन्या मराठी ग्रंथांत या व्यक्तींचा शोध घेणाऱ्याला एकच रूप धरून चालत नाही. या धाग्यात ‘फॅरार’ हे रूप वापरले आहे.

३/२०
मूळ आडनाव धंद्याचे आहे. लॅटिनमध्ये लोखंडाला ‘फेरुम’ म्हणतात. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये लोखंडाचे काम करणाऱ्याचे नाव तयार झाले. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि राज्यकर्त्यांची फ्रेंच भाषा तेथे रुजली. तेव्हापासून एकाच लोहाराला इंग्लंडात दोन नावे झाली. देशी भाषेतले ‘स्मिथ’ घरोघरी पसरले. फ्रेंच वळणाचे ‘फॅरार’ मात्र थोड्या घराण्यांपुरते राहिले. घोड्यांना नाल ठोकणाऱ्यासाठी इंग्रजीत असलेला ‘फॅरियर’ हा शब्दही त्याच मुळाचा. आपल्याकडे लोहार आणि नालबंद ही दोन्ही आडनावे आहेत. म्हणजे ही गोष्ट आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

४/२०
मग ‘फेरर’चे ‘फॅरार’ कसे झाले? मध्ययुगाच्या अखेरीस इंग्रजीत ‘एर’ या ध्वनीचा अनेक शब्दांत ‘आर’ झाला. ज्याचे स्पेलिंग ‘सर्जंट’ असे वाचावेसे वाटते त्याला आपण ‘सार्जंट’ म्हणतो, ते त्यामुळेच. लिहिणारा कारकून कानावर पडेल तसे लिही. म्हणून एकाच आडनावाच्या तीन-चार फांद्या झाल्या. त्यांपैकी ‘आर’वाली फांदी मुख्यतः उत्तर इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात, हॅलिफॅक्सच्या परिसरात वाढली.

५/२०
या आडनावाचे जुने धारक धर्माच्या इतिहासात वारंवार भेटतात. हॅलिफॅक्सकडचे रॉबर्ट फेरर हे वेल्समधील सेंट डेव्हिड्सचे बिशप होते. मेरी राणीच्या कारकिर्दीत प्रॉटेस्टंट मत न सोडल्याबद्दल ३० मार्च १५५५ रोजी त्यांना कार्मार्दन येथे जिवंत जाळण्यात आले. पुढच्या शतकात निकोलस फेरर (१५९२–१६३७) यांनी लंडनमधील व्यापार आणि राजकारण सोडले आणि लिटल गिडिंग या खेड्यात आपल्या कुटुंबासह प्रार्थनामय जीवन पत्करले.

६/२०
सतराव्या शतकात हे आडनाव अटलांटिकपार गेले. विल्यम फॅरार व्हर्जिनियात पोहोचला. जेम्स नदीकाठच्या एका भूभागाला त्याच्या घराण्यावरून ‘फॅरार्स आयलंड’ म्हणू लागले. उत्तरेकडे न्यू इंग्लंडमध्ये मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर गावी जेकब फॅरारचे घराणे वसले. न्यू इंग्लंडमधले फॅरार शेती करत, न्यायदान करत, शाळा-कॉलेजांत शिकवत. हार्वर्डमधील गणिताचे प्राध्यापक जॉन फॅरार (१७७९–१८५३) यांनी १८१५ च्या वादळाचा अभ्यास करून असे निरीक्षण नोंदवले की ते स्वतःभोवती फिरत पुढे सरकणारे भोवऱ्यासारखे वारे होते.

७/२०
याच न्यू इंग्लंडमध्ये, न्यू हॅम्पशर राज्यातील मार्लबरो गावी, १७९५ मध्ये सिंथिया फॅरार जन्मली. ती पेशाने शिक्षिका होती. मुंबईत अमेरिकन बोर्डाचे मिशन १८१३ पासून काम करीत होते आणि १८२४ मध्ये त्याने मुलींची पहिली शाळा काढली होती. शाळा वाढल्या, तशी त्यांच्यावर देखरेख करणारी व्यक्ती हवी झाली. मिशनऱ्यांच्या पत्नींवर घरसंसार, बाळंतपणे आणि आजारपणे यांचा भार होता. शाळांना पूर्ण वेळ देईल अशी स्त्री हवी होती, म्हणजेच अविवाहित स्त्री हवी होती.

८/२०
आज हे वाक्य सहज वाचले जाते. त्या काळी ते सहज नव्हते. परदेशी मिशनवर जाणारी स्त्री म्हणजे मिशनऱ्याची पत्नी, असा रिवाज होता. पतीविना समुद्रापार जाणाऱ्या स्त्रीचे पालक कोण, हा प्रश्न बोर्डाला पडे. म्हणून सिंथियाला डेव्हिड ॲलन आणि सायरस स्टोन या विवाहित मिशनऱ्यांच्या कुटुंबांसोबत पाठवण्यात आले. १८२७ मध्ये ती निघाली आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात पोहोचली. तेव्हा तिचे वय ३२ होते. अमेरिकन बोर्डाने हिंदुस्थानात पाठवलेली ती पहिली अविवाहित स्त्री. बोर्डाच्या दप्तरी अशा स्त्रियांचा हुद्दा मात्र ‘साहाय्यक मिशनरी’ असाच असे.

९/२०
मुंबईत तिने मराठी शिकून मुलींच्या शाळांची व्यवस्था हाती घेतली. शेकडो मुली त्या शाळांत येऊन गेल्या. टिकणाऱ्या थोड्या होत्या, कारण मुलगी जरा वाचू लागली की तिचे लग्न होई आणि पाटी सुटे. दहा वर्षांनी सिंथियाची प्रकृती ढासळली. १८३७ मध्ये ती मायदेशी परतली. येथे या कथेचा शेवट होऊ शकला असता, आणि तिच्या आडनावाचा मराठी अर्थ खरा ठरला असता. पण १८३९ मध्ये ती परत आली. या वेळी मुंबईला नव्हे, तर अहमदनगरला.

१०/२०
नगरला जाण्यापूर्वी नाशिककडे वळावे लागेल, कारण तेथे त्याच काळात दुसरे फॅरार राहत होते. चार्ल्स पिनहॉर्न फॅरार हे इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी १८३० च्या दशकात नाशिकला होते. ‘मिसेस फॅरार’ यांच्या नावावर ‘कुटुंबप्रवर्तननीती’ (१८३५) हे मराठी पुस्तक नोंदलेले आहे. नगरच्या ‘मिस’ आणि नाशिकच्या ‘मिसेस’ या दोन वेगळ्या स्त्रिया. एक अमेरिकन, एक इंग्रज. एक काँग्रिगेशनल परंपरेतली, एक अँग्लिकन. आडनाव एक, भाषा एक, काळही एक, म्हणून त्या एक होत नाहीत. मराठी लेखनात ‘फरार बाई’ असा मोघम उल्लेख आला की प्रथम हे तपासून पाहावे.

११/२०
चार्ल्स फॅरार यांचा मुलगा फ्रेडरिक विल्यम याचा जन्म ७ ऑगस्ट १८३१ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच त्याला इंग्लंडला पाठवण्यात आले. पुढे तो शाळामास्तर, भाषाभ्यासक, लोकप्रिय लेखक आणि अखेर कँटरबरीचा डीन झाला. ‘एरिक’ (१८५८) ही त्याची शालेय जीवनावरची कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. डार्विनच्या शिफारशीने तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला आणि १८८२ मध्ये डार्विनची शवपेटी वाहणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. सिंथिया जन्मली अमेरिकेतल्या मार्लबरोत. हा काही काळ मुख्याध्यापक होता इंग्लंडमधल्या मार्लबरो कॉलेजात. हा केवळ योगायोग. त्यावर नाते उभारता येत नाही.

१२/२०
डीन फॅरारची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८६० च्या दशकात त्याने मानववंशांच्या ‘कुवती’वर निबंध वाचला आणि जगातील लोकांची उतरंड लावली : वर आर्य आणि सेमिटिक, खाली आफ्रिकेतील माणसे. डार्विनचा मित्र, सुशिक्षित, उदार धर्ममताचा म्हणून ओळखला जाणारा माणूस असे लिहीत होता. त्याच दशकाच्या आरंभापर्यंत त्याच आडनावाची एक स्त्री नगरात मराठी मुलींना अक्षरे शिकवीत होती. तिच्याही काळाच्या मर्यादा तिला होत्याच. पण मुलीची कुवत ती पाटीवर पाहत होती, तक्त्यात नव्हे.

१३/२०
डीन फॅरारची मुलगी मॉड. सोळाव्या वर्षी तिचे लग्न हेन्री माँटगोमेरी या पाद्र्याशी झाले आणि ‘फॅरार’ हे नाव तिने मागे ठेवले. तिचा मुलगा म्हणजे १९४२ च्या एल अलामेनच्या लढाईत रोमेलला हरवणारा फील्डमार्शल बर्नार्ड माँटगोमेरी. त्याचे आजोबा रॉबर्ट माँटगोमेरी हे पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर. त्यांच्या नावाने पंजाबात एक शहरच वसले, आज ते साहिवाल म्हणून ओळखले जाते. बापाचे नाव शहराला लागते. आईचे नाव वंशावळीच्या कोपऱ्यात जाते. मुंबईत जन्मलेल्या फॅरारांचा हा धागा जगाला माँटगोमेरी म्हणूनच ठाऊक आहे.

१४/२०
आता नगर. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने वसवलेले हे शहर परक्या नावांना नवखे नव्हते. मुलुख-ए-मैदान ही तोफ येथेच १५४९ मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराने ओतली. ‘रूमी’ म्हणजे तुर्कस्तानाकडचा. हबशी मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. १८१७ नंतर कंपनीचा अंमल आला, १८३१ मध्ये अमेरिकन मिशनचे ठाणे पडले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक येथूनच सुरू झाले. एका धातूकारागिराचे नाव तोफेवर कोरले गेले. तीन शतकांनंतर ‘लोहार’ अर्थाचे आडनाव घेऊन एक शिक्षिका त्याच शहरात आली.

१५/२०
ती आली त्याच १८३९ साली हरिपंत खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायणपंत या ब्राह्मण भावांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. (‘खिस्ती’ हे त्यांचे जन्माचे आडनाव, धर्मांतराने मिळालेले नव्हे. ‘फरार’सारखीच ही आणखी एक कानाची फसगत.) हरिपंत पुढे १८५४ मध्ये दीक्षित पाळक झाले. अशा घटनांचा धसका शाळांना बसत असे. पालक मुलांना काढून घेत. मुलींच्या बाबतीत तर आधीच शंका होत्या : शिकलेली मुलगी विधवा होते, घरात टिकत नाही, लग्नाच्या बाजारात मागे पडते. शिक्षिका मिळत नसल्याने मिशनला अनेकदा पंतोजी नेमावे लागत, आणि मुलगी पंतोजीसमोर बसणे हेही अनेकांना रुचत नसे.

१६/२०
येथे प्रामाणिक राहायला हवे. या शाळा धर्मप्रसारासाठी होत्या. वाचता येणाऱ्या स्त्रीच्या हाती बायबल जावे, हा त्यांचा उघड हेतू होता. पालकांची भीती निराधार नव्हती. पण वाचनाचा एक गुण असा की ते एकाच पुस्तकापाशी थांबवता येत नाही. शाळा काढणाऱ्याचा हेतू आणि शिकणाऱ्याने त्या अक्षरांचे केलेले काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी नाकारू नये आणि दुसरीवरून पहिली झाकू नये.

१७/२०
१८४८ मध्ये जोतीराव फुले नगरला आले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नगरला नोकरीत होते. दोघांनी मिस फॅरारच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. फुल्यांच्या चरित्रांत हा प्रसंग नोंदलेला आहे, आणि त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा सुरू झाली. येथे आडनावांकडे पुन्हा पाहावे. फुल्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. पूर्वजांनी फुलांचा व्यवसाय केला म्हणून ते ‘फुले’ झाले. म्हणजे त्या दिवशी नगरात लोहारकामावरून पडलेले आडनाव आणि फुलांच्या धंद्यावरून पडलेले आडनाव समोरासमोर आले. वाडवडिलांचा धंदा दोघांच्याही नावात उरला होता; बोलणे चालले होते ते मुलींच्या शिक्षणाचे.

१८/२०
जोतीरावांनी नगरचा नमुना जसाच्या तसा उचलला नाही. त्यांची शाळा कोणत्याही मिशनची नव्हती. धर्मांतर हे तिचे उद्दिष्ट नव्हते. आणि नगरात जी अडचण होती तिच्यावर त्यांनी घरातूनच उपाय काढला : शिक्षिका म्हणून सावित्रीबाई उभ्या राहिल्या. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाच्या संदर्भात मिस फॅरारच्या नगरच्या संस्थेचा उल्लेखही चरित्रकार करतात. नायगावच्या नेवसे घराण्यातली ही मुलगी लग्नानंतर फुले झाली. मॉडप्रमाणे तिचेही माहेरचे नाव मागे पडले. पण ‘फुले’ हे नाव तिने नुसते धारण केले नाही, ते अर्ध्याहून अधिक तिनेच मोठे केले.

१९/२०
सिंथिया फॅरार पुन्हा मायदेशी गेली नाही. जानेवारी १८६२ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षात, तिचे नगर येथेच निधन झाले. १८२७ ते १८६२ या काळातील मधली दोन वर्षे वगळता सारे आयुष्य मराठी मुलुखात गेले. नगरच्या बोलण्यात अनेक परकी नावे रुळली : मुली ‘क्लेराब्रूस’मध्ये शिकतात, रुग्ण ‘बूथ’मध्ये जातात, ‘ह्यूम मेमोरियल’ला लोक प्रार्थनेसाठी जमतात. फॅरार हे नाव या सर्वांच्या आधीचे. मूलबाळ नसल्यामुळे ते पुढे नेणारे घर तिच्यामागे नव्हते. ज्या मुली तिच्याकडे वाचायला शिकल्या, त्या लग्नानंतर आपापल्या सासरच्या आडनावांनी नांदल्या. त्यांच्या वंशावळीत फॅरार शोधून सापडणार नाही.

२०/२०
आडनावांचा इतिहास लिहिताना आपण नकळत बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ ओढतो. त्या रेघेवर बिशप येतो, प्राध्यापक येतो, डीन येतो. सिंथिया त्या रेघेवर कोठेच नाही. ती रेघ तिच्यापाशी संपते. तरीही या आडनावाचा मराठी भाषेशी सर्वांत दीर्घ संबंध आला तो तिच्यामुळेच. म्हणून यापुढे फुले-चरित्रात १८४८ सालाशी ‘मिस फरार’ भेटली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ती नाशिकची मिसेस फॅरार नव्हे. आणि प्रकृतीने एकदा माघारी धाडले तरी दोन वर्षांत परत येऊन जी बावीस-तेवीस वर्षे नगरात राहिली, तिचे नाव मराठीत नेमके ‘फरार’ असे उमटले, हा निव्वळ लिपीचा खेळ आहे.